लाखेतला गळ

ओल्या दोराची गाठ वाळल्यावर सुटत नाही. गाठ मारायची ती कोरड्या दोराला.

*

मृत्युदंडाच्या निकालाखाली सहा पंचांच्या सहा मोहोरा लागतात. पाच असल्या तर तो निकाल नव्हे, नुसता कागद.

*

कड्यावरच्या पक्ष्यांची अंडी काढताना घरट्यात एक अंडं ठेवायचं. पक्ष्याला वाटतं, काहीच गेलेलं नाही. पुढच्या वर्षी तो परत तिथेच येतो.

*

बार्ब्रो म्हणते, तिचा नवरा झोपेत मुठी आवळून काहीतरी ओढत असतो. काय ओढतो, ते तिने विचारलेलं नाही.

*

उन्हाळ्यात स्कार्वनेस गावात सूर्य मावळत नाही. अंधाराला भिणाऱ्यांचे ते दोन महिने बरे जातात. एलिंगचे जात नाहीत.

*

एलिंग स्युर्सन, म्हणजे बार्ब्रोचा नवरा, छप्पन्न वर्षांचा. धंदा कॉड मासा पकडण्याचा, एक गुडघा अधू, आणि गावच्या सहा पंचांपैकी एक. त्याच्या पितळी अंगठीवर गळ कोरलेला होता: उभी रेघ, खाली बाक, वर छोटी आडवी रेघ. त्याच्या आज्याचीही हीच खूण. एलिंगला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गरम लाखेवर तो गळ उमटला की एलिंगने शब्द दिला, असं सगळं गाव मानायचं.

दोन वर्षांपूर्वी तो गळ सिदसेलच्या निकालाखाली उमटला. सिदसेलने फडक्याच्या तीन गाठी सोडून वादळ उठवलं आणि अंमलदाराची होडी चार माणसांसकट बुडवली, असा तो निकाल होता. मार्चमध्ये तिला गावाच्या समुद्रात घुसलेल्या टोकावर नेऊन जाळलं.

आता तिची मुलगी रागनिल कोठडीत होती. या वसंतात अंमलदाराच्या गोठ्यातली दोन वासरं मेली, आणि त्याच आठवड्यात रागनिल गोठ्यावरून गेली होती. तिच्याविरुद्ध ना कोणी साक्षीदार होता, ना तिची कबुली. होता तो फक्त आईच्या निकालाचा कागद. आई चेटकीण ठरलेली असली की तिची विद्या अंगावरच्या दुधातून मुलीत उतरते, याला वेगळा पुरावा कोणी मागत नाही.

वरचा न्यायाधीश तीन उन्हाळ्यांतून एकदा जहाजाने येतो. यंदा त्याची पाळी होती, म्हणून रागनिलचा खटला त्याच्यासाठी राखून ठेवला होता. तो कागद त्याच्यासमोर वाचला जाणार. सहा पंच एकेक करून उभे राहणार. प्रत्येकाला विचारलं जाणार, "ही मोहोर तुझी का?" आणि सहांनी हो म्हटलं की रागनिलसाठी सरपण रचायला घेणार.

एलिंगच्या वाट्याला त्यातला एक हो होता.

*

होडीचं आधी सांगायला हवं.

सिदसेलच्या घराखाली खडकांच्या आडोशाला होडी ओढून घ्यायची जागा आहे. गावात तिच्यासारखी दुसरी नाही. लाट तिथे येईपर्यंत दमलेली असते. एलिंगची जुनी जागा उघड्या अंगाला होती. तिथे त्याची एक होडी लाटांनी फोडली होती आणि दुसरी फुटता फुटता राहिली होती. सिदसेल गेल्यावर तिची जागा एलिंगला मिळाली.

पहिल्या दिवशी तो मासे घेऊन आला आणि पाण्यात उतरून होडीची उजवी कड धरली. ही होडी दोघांनी ओढायची. वल्ह्यावरचा गडी पाठीमागे मासे उतरवत होता. एलिंगने नुसता जोर लावून बघितला, आणि होडी आली. ओंडक्यांवरून सरसरत, हलकी, वर. जणू पलीकडची, डावी कड कोणीतरी धरली होती.

"एकट्यानेच घेतलीस की रे!" गडी म्हणाला. "कालवण कसलं खातोस?"

त्यानंतर रोज. हिवाळ्यात, उन्हाळ्यात, स्वच्छ सूर्यप्रकाशात, सगळं लखलखीत दिसत असताना. पलीकडे कोणी दिसायचं नाही. पण एलिंग थांबला की क्षणभर उशिराने पलीकडचं ओढणंही थांबायचं. एकदा त्याने मुद्दाम हात सोडले. होडी आपली आपण हातभर वर गेली.

सिदसेल दांडगी बाई होती. कोणाचीही होडी ओढायला धावायची. एलिंगने मनाची समजूत घातली: तीच आहे. तिने माफ केलंय. नाहीतर मदत कशाला केली असती?

या समजुतीवर त्याने दोन वर्षं काढली.

*

एलिंगने गावाला सांगितलेली हकीकत अशी:

फेब्रुवारीत कॉड आला. पंच झाले तरी कोळीच. मासा दारात आलेला असताना कागद नीट लिहून होईपर्यंत कोण थांबणार? म्हणून आज्यांच्या काळापासून रिवाज आहे: पंचांनी आपल्या अंगठ्या कारकुनाच्या पेटीत ठेवायच्या आणि समुद्रावर जायचं. कारकून सवडीने कागद लिहितो, लाख वितळवतो, सहाही अंगठ्या स्वतःच उठवतो. शेताच्या वाटण्या, लग्नाचे करार, भांडणं, सगळं असंच चालतं. एलिंग अंगठी ठेवून गेला. बावीस दिवसांनी परतला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्याला काय ठाऊक?

या हकीकतीत खोटं काही नाही. फक्त ती थोडी उशिरा सुरू होते.

*

न्यायाधीशाचं जहाज दिसायच्या दोन दिवस आधी एलिंग वाळवलेला मासा घेऊन कोठडीत गेला. पहारेकऱ्याने पंच म्हणून सोडलं.

रागनिल बावीस वर्षांची होती. भिंतीला टेकून बसली होती. कोठडीला खिडकी नव्हती, त्यामुळे ती दिव्याच्या उजेडात आणि तो बाहेरच्या उन्हातून आलेला. आधी दोघांनाही एकमेकांचं तोंड दिसेना.

"कोण?"

"एलिंग."

"एलिंगकाका? पंचांनी आरोपीला भेटायचं नसतं ना?"

"नसतं."

"मग बसा. इथे न चालणाऱ्या गोष्टीच जास्त चालतात." तिने मासा घेतला, वास घेतला. "आमच्या खालच्या जागेवर उतरवलेला ना? तिथल्या माशाला वाळू लागत नाही."

एलिंग खाली बसला. मग त्याने बोलायला आला होता ते बोलून टाकलं. होडी. पलीकडची कड. रोजचं ओढणं. सांगताना त्याला बरं वाटत होतं, ताप उतरताना वाटतं तसं.

"तुझी आई आहे ती," तो म्हणाला. "राग नाही तिच्या मनात. तुला सांगावंसं वाटलं."

रागनिलने मासा खाली ठेवला.

"तुम्ही कुठल्या कडेला असता?"

"उजव्या."

"आणि ती डाव्या?"

"हो."

"आईचा उजवा खांदा निखळलेला होता, काका. मी जन्मायच्या आधीपासून. डाव्या कडेला उभं राहिलं की ओढायला उजवा हात लागतो. ती जन्मात कधी डाव्या कडेला उभी राहिली नाही. लोकांना बाजूला सारून उजवीकडे जायची. तुम्ही शेजारी ना? बघितलं नाहीत कधी?"

एलिंगने बघितलं होतं. शंभरदा बघितलं होतं.

"मग ते कोण आहे?" त्याने विचारलं.

"ते मला कसं ठाऊक असणार?" रागनिल म्हणाली. "मी काही चेटकीण नाही."

*

कारकून जोखुम उकडलेली अंडी खात बसला होता. कड्यावरच्या पक्ष्यांची, हिरवट, ठिपक्यांची.

"ये एलिंग. अंडं घे."

"नको."

"गुडघा कसा आहे?"

"आहे."

"म्हणजे वाईट आहे. माझी सासूही शेवटपर्यंत 'आहे' म्हणायची. बोल, काय काढलंस?"

"परवा मला विचारतील तेव्हा मी नुसतं हो म्हणून बसणार नाही."

जोखुमने अंडं टेबलावर आपटून फोडलं. "मग काय म्हणशील? अंगठी चोरली? पुस्तकावर हात ठेवून? बाकीचे पाच जण सांगतील, त्याने स्वतःच्या हाताने काढून दिली. खोट्या शपथेला दोन बोटं जातात, बाबा. गळाला आमिष लावतोस ती कुठली बोटं रे?"

"चोरली म्हणणार नाही. दारात आपलं जे बोलणं झालं ते सांगेन."

"काय बोलणं झालं? मी वाऱ्याबद्दल बोललो."

"आणि जागेबद्दल."

"वाऱ्याबद्दल आणि जागेबद्दल. गावातली निम्मी माणसं दुसरं काय बोलतात?" जोखुम हसला, पण मग त्याने हात पुसले. "बरं, सांग. जागेसाठी मोहोर विकली म्हणून सांग. ऐक मात्र पुढे काय होतं. मोहोर विकणाऱ्याची अब्रू जाते. आजपासून नव्हे, विकली त्या दिवसापासून. तुझ्या होडीत वल्ह्याला कोणी बसणार नाही. चर्चमध्ये दाराबाहेर उभा राहशील. मेलास की कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरतील. आणि खरी गंमत पुढेच आहे: अब्रू गेलेल्याची साक्ष कोणाविरुद्धही धरत नाहीत. म्हणजे तू माझं नाव घे, अंमलदाराचं घे, हवं तर राजाचं घे. सांगून अब्रू घालवशील, आणि अब्रू गेली म्हणून तुझं सांगणं फुकट जाईल. कायदा कसा बांधलाय बघ. थेंबभर पाणी आत येत नाही."

एलिंग सावकाश विचार करायचा. त्याला घाई केली की तो पहिल्यापासून सुरुवात करायचा. जोखुमचं अंडं खाऊन होईपर्यंत तो तसाच उभा होता.

"आणि त्याची मोहोर?" तो म्हणाला.

"कोणाची?"

"अब्रू गेलेल्याची. ती धरतात?"

जोखुमने दुसरं अंडं उचललं होतं. ते त्याने फोडलं नाही.

*

"मला कोणी विचारलं?" बार्ब्रो म्हणाली. ती वाळवणीच्या मांडणीवरून मासे उतरवत होती आणि एकेक मासा टोपलीत फेकत होती. "तुझी अब्रू म्हणजे काय तुझ्या एकट्याची आहे? विहिरीवर माझ्याशी कोण बोलणार? मेरेतेचं बाळंतपण परवावर आलंय, ती मला सुईण म्हणून हात लावू देईल?"

"नाही देणार."

"नाही देणार म्हणतो! एवढं सरळ!"

"पोरीला जाळतील गं."

"तिच्या आईला जाळलं तेव्हा कुठे होतास?"

"समुद्रावर."

"समुद्रावर," बार्ब्रो म्हणाली, आणि तोच शब्द तिने टोपलीत माशासारखा फेकला. "बावीस दिवसांनी आलास, आणि तुझ्या बोटाला अंगठीची पांढरी खूण होती, आणि मी भाकरी वाढली. मी तरी काय विचारलं?"

टोपली भरली. दोघांनी दोन कान धरले. दारापर्यंत नेऊन ठेवली.

"परवा निळा सदरा घाल," ती म्हणाली. "कोपराला फाटलेला नको. सगळे बघणार आहेत."

*

न्यायसभेची नोंद जोखुमनेच ठेवायची होती. तो कारकून होता.

नोंदीत आहे: वरच्या न्यायाधीशांनी सिदसेलविरुद्धचा निकाल मोठ्याने वाचून घेतला. पंच टोलेफ, पंच ब्योर्न, पंच लॉरित्स, पंच हाल्वोर, पंच स्टेन यांनी आपापल्या मोहोरा ओळखल्या.

नोंदीत नाही: न्यायाधीश म्हातारा होता, सर्दीने बेजार होता, आणि त्याला भरतीबरोबर निघायचं होतं. अंमलदार त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून रुमाल पुरवत होता. रागनिल उभी होती. उन्हात आणल्यामुळे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लोक म्हणत होते, चेटकिणीला रडता येत नाही म्हणतात, आणि ही बघा.

नोंदीत आहे: पंच एलिंग स्युर्सन यास विचारलं, ही मोहोर तुझी का. म्हणाला, गळ माझा आहे.

"गळ माझा आहे, साहेब," एलिंग म्हणाला, "पण ती मोहोर नाही. मी ती विकलेली आहे."

टोलेफ मागून ओरडला, "गुडघ्याचं दुखणं डोक्यात गेलंय याच्या!" लोक हसले. न्यायाधीश हसला नाही.

"कशाला विकलीस?"

"त्या जागेला." एलिंगने खिडकीकडे हात केला. तिथून खडकांचा आडोसा दिसत होता, आणि आत ओढून ठेवलेली होडी. "सिदसेलची जागा होती. आता माझी होडी आहे तिथे. मला निकालाच्या दिवशी सकाळी कळलं होतं की काय होणार. मी पंच होतो. मी बसून नाही म्हणू शकलो असतो. दारात मला कोणीतरी सांगितलं, वारा चांगला आहे, निघ, अंगठी ठेवून जा, आणि ती खालची जागा वसंतात मोकळी होईलसं दिसतंय."

जोखुम लिहायचा थांबला होता.

"अंगठी निघेना, साहेब. बोट सुजलेलं होतं. मी तोंडात घालून, थुंकी लावून काढली. कोणी ओढून घेतली नाही."

"तू त्या बाईला निर्दोष मानत होतास?"

एलिंगने खिडकीतून होडीकडे बघितलं. पलीकडची कड कोण धरतं, हे त्याला आता कळल्यासारखं वाटत होतं. त्यात कोणाची माफी नव्हती, नुसता जोर होता, त्याचाच.

"मी काहीच मानत नव्हतो," तो म्हणाला. "मला जागा हवी होती."

अंमलदाराने रुमाल पुढे केला. न्यायाधीशाने तो घेतला नाही.

"दारात सांगणारा कोण?"

अंमलदार खिडकीबाहेर बघत होता. जोखुम कागदाकडे.

"त्याचं नाव घेण्याइतकी माझी साक्ष आता चालत नाही, साहेब."

न्यायाधीशाला खोकला आला की हसू, ते कळलं नाही. "चालत नाही, खरं आहे," तो म्हणाला. "पण स्वतःविरुद्ध बोलायला अब्रू लागत नाही. ते धरतो आम्ही." मग त्याने कागद स्वतःकडे ओढला आणि लाखेचे गोळे बोटाने चाचपत गेला. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्यावर त्याने बोट टेकवलंच नाही.

नोंदीत आहे: सिदसेलविरुद्धचा निकाल रद्द. कारण, मोहोरा पाच. रागनिलविरुद्ध अन्य पुरावा नाही, सबब मोकळी. एलिंग स्युर्सन यास अब्रूहीन ठरवलं. त्याने मोहोर विकून मिळवलेली जागा सिदसेलच्या वारसाला परत.

"माझी आई चेटकीण नव्हती, असं लिहा," रागनिल म्हणाली.

"ते मला कोणी विचारलेलं नाही," न्यायाधीश म्हणाला. "मला विचारलं होतं, मोहोरा किती."

"मग मी विचारते."

"मेलेल्या माणसाच्या वतीने अर्ज करायचा तर तो सहा पंचांच्या मोहोरेनिशी येतो, पोरी." त्याने नाक शिंकरलं. "तीन वर्षांनी मी जिवंत असलो, तर आण."

सभा मोडली. दारातल्या दगडावर लोहाराने एलिंगची अंगठी ठेवून घाव घातला. पितळ मऊ, एका घावात चपटं झालं. टोलेफ, ब्योर्न, लॉरित्स, हाल्वोर आणि स्टेन त्याच्याकडे पाठ करून उभे होते. रिवाज तसा आहे. पेटीबद्दल कोणी काही बोललं नाही, एलिंगही नाही. त्या पेटीतल्या अंगठ्यांवर गावातली प्रत्येक वाटणी आणि प्रत्येक लग्न उभं होतं. पेटी जोखुमच्या घरी तशीच आहे. सहाव्या अंगठीसाठी मेरेतेच्या नवऱ्याचं नाव निघालं.

*

एलिंग होडी काढून न्यायला गेला तेव्हा रागनिल खडकावर बसलेली होती. जवळ गाठोडं होतं.

"जहाजाबरोबर चाललीस?"

"ते घेत असतील तर."

"जागा तुझी आहे आता."

"जागा!" ती म्हणाली. "मी इथे होडी ओढू? रोज ते टोक बघत?" मग तिने त्याच्या निळ्या सदऱ्याकडे बघितलं. "दोन वर्षं कुठे होतास, एलिंग?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला काका म्हटलं नव्हतं.

"इथेच होतो."

"हं."

तिने गाठोडं उचललं. वाटेला लागताना एकदा थांबली, जणू आणखी काही म्हणणार होती. आभार नव्हे, तसलं काही तिच्या तोंडावर नव्हतं. मग ती चालू लागली, आणि एलिंगने ते ऐकायला मान वर केली होती ती तशीच राहिली.

वल्ह्यावरचा गडी आला नव्हता. तो आता येणार नव्हता. एलिंगने होडीची उजवी कड धरली आणि पाण्याकडे ढकलायला जोर लावला. होडी जागची हलली नाही. त्याने पुन्हा लावला. वरून, घराच्या पायवाटेने, बार्ब्रो खाली येत होती, हळूहळू, खडक चुकवत. कोणी तिला बघत आहे का, याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती सरळ पाण्यात शिरली, घागरा गुडघ्यापर्यंत भिजला, आणि तिने डावी कड धरली.

"उघड्या जागेवर न्यायची ना?" ती म्हणाली.

"दुसरी कुठे?"

"मग ढकल. बोलत काय बसलास?"

*

सिदसेलला जाळलं त्या दिवशी समुद्रावर वारा अजिबात नव्हता, आणि एलिंगला सकाळपासून इतका मासा लागला की दुपारी त्याला गळ टाकणं थांबवावं लागलं.